करंगळीशेजारचं बोट

एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेली त्या संगीतकाराची ती रचना भल्याभल्यांना जमत नव्हती. साथीला कुणी नाही, त्यामुळे चूक लपवायला जागा नाही. समीक्षकांनी लिहिलं, केवढी ही अवघड कारागिरी! त्यांचं काय जातंय लिहायला?

उद्याच्या कार्यक्रमात ती वाजवणारी मुलगी मात्र आज त्याच्या घरी तालमीत भडकलीच.

"सर, डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट तुम्ही एकदाही लावू देत नाही. उगाच माकडासारख्या उड्या माराव्या लागतात. हे बघा, ते बोट लावलं की कसं लोण्यासारखं जातं."

तिनं वाजवून दाखवलं. खरंच सोपं झालं. संगीतकाराचा चेहरा पांढराफटक पडला.

"तसं वाजवणार असशील तर उद्याचा कार्यक्रम रद्द."

"अहो, पण का?"

"माझ्या दादाला ते बोट नव्हतं. कारखान्यात तुटलं होतं. तरी शेवटपर्यंत वाजवायचा, इथेच, याच खोलीत."

व्हायोलिनच्या पेटीतली चिकटपट्टी काढून तिनं ते बोट ताठ गुंडाळलं, तारेला लागूच नये म्हणून, आणि पहिल्यापासून सुरुवात केली. आता प्रत्येक उडीला हात घसरल्याचा बारीक आवाज येत होता. संगीतकार उठून स्वयंपाकघरात गेला.

थोड्या वेळानं आतून त्याची हाक आली, अगदी लाडात आलेली.

"दादा, आटप की रे, चहा निवतोय!"

रचना संपली होती. पण थांबायची तिची हिंमत झाली नाही. तिनं पुन्हा पहिल्यापासून वाजवायला घेतलं.