आत हाय तवर

एरंडेल घातलेला चहा विजयमालेनं मोरीत ओतला आणि नेमकं शकूनं ते पाहिलं. तोंडाची चव जावी म्हणून ती गुळाचा खडा घेऊन आली होती. खडा हातातच राहिला.

शकू थोरली जाऊ, विजयमाला धाकटी. वारज्याच्या गावठाणात दोघींचा संसार एकाच छपराखाली. शकूच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. दवाखाने झाले, नवस झाले, तिच्या खोलीत पाळणा काही बांधायला मिळाला नाही. विजयमालेला मात्र एक मुलगी होती, एक मुलगा होता. तिला तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा सासूनं, तुळजाबाईंनी, जेवता जेवता सांगून टाकलं, "हे पोर शकूच्या वटीत घालायचं." शकूचा नवरा मच्छिंद्र ताटावरची मान वर करीना. त्याचे डोळे भरून आले होते. धाकटा संपत म्हणाला, "चालंल की." विजयमाला चुलीपाशी भाकरी थापत होती. तिला कुणी विचारलं नाही. तिनंही हात थांबवला नाही.

तेव्हापासून शकूचे पाय जमिनीला लागत नव्हते. जुनी मऊ लुगडी फाडून तिनं दुपटी शिवली. धाकटीला जड उचलू दिलं नाही. तारीख उलटली तशी मात्र तिची झोप उडाली. कोथरूडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "बाळ छान आहे. थोडी वाट पाहू, नाहीतर दाखल करून घेऊ. घरी नसते उद्योग करू नका." पण शकूला धीर कुठला! तिनं मंडईतून खजूर आणला. दुधात तूप घालून पाजलं. उकिडवं बसवून फरशी पुसून घेतली. रोज संध्याकाळी धाकटीला गणपती माथ्यापर्यंत चालवत नेलं. विजयमाला "व्हय आक्का" म्हणायची आणि पाय ओढत चालायची. मध्येच एखाद्या कट्ट्यावर बसून राहायची. शकूला वाटायचं, जड झालीय बिचारी.

शेवटी आज शेजारणीचं ऐकून एरंडेल.

"वतलंस?" शकूचा आवाज चढला. "आगं, पोराच्या जिवावर उठलीस का काय?"

विजयमालेनं वळून पाहिलं नाही. तिनं मोरीचा कठडा घट्ट धरला होता. मानेवरून घाम ओघळत होता. शकूनं पुढं होऊन तिच्या पोटावर हात ठेवला. पोट दगडासारखं आवळलं होतं. बऱ्याच वेळानं ते सैल पडलं आणि विजयमालेनं श्वास सोडला.

"कवापास्नं?"

"सकाळपास्नं."

"आन् बोलली न्हाईस?"

विजयमालेनं दोन्ही हात पोटावर धरले. "आक्का, आत हाय तवर माझं हाय."

शकूला आधी रागच आला. शब्द दिलेला होता. तिच्या खोलीत दुपट्यांची चवड रचलेली होती. मग तिला माथ्यापर्यंतचा तो रस्ता आठवला. आपण ज्या पोरीला इतक्या हौसेनं चालवत होतो, तिला एकेक पाऊल कुठं नेत होतं, हे आपल्या ध्यानातच आलं नाही. ती मटकन खाली बसली. मोरीतल्या तेलाचा वास नाकात जात होता.

पुढची कळ आली तेव्हा ती उठली.

"चल. रिक्षा आणते. पोर तुझंच ऱ्हाईल."

"आत्याबाईंनी शब्द दिलाय. माझ्यामुळं मोडला तर हे मला घरात ठिवतील व्हय?"

"तुझ्यामुळं न्हाई मोडायचा. ते माझ्याकडं लागलं. फकस्त दवाखान्यात कायबी झालं तरी तू तोंड उघडायचं न्हाई."

दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. टाहो फोडत आली.

घरचे सगळे आले. तुळजाबाईंनी नवी कुंची आणली होती. मच्छिंद्र देवळात जावं तसा दाराबाहेर चपला काढून आत आला. तुळजाबाईंनी कडाकडा बोटं मोडून नातीची दृष्ट काढली, तिला उचललं, आणि साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "शकू, वटी पसर."

शकूनं पदर कमरेला खोचला आणि हात पाठीमागं घेतले.

"मला नको."

"काय?"

"पोरगी हाय. पोरगा असता तर गोष्ट येगळी. दुसऱ्याच्या पोरीसाठी मी का रातीची जागू?"

वॉर्डातल्या बाया माना वळवून बघू लागल्या. मच्छिंद्र बायकोकडे बघत राहिला, जणू ही बाई त्यानं कधी पाहिलीच नव्हती. मग तो वळला आणि अनवाणीच जिना उतरून गेला. खाटेवर विजयमाला कोपरावर उठली. तिचं तोंड उघडलं होतं. शकूनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. विजयमाला पुन्हा आडवी झाली आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं.

तुळजाबाईंनी मुलीला तिच्या कुशीत ठेवलं. मुलगी छाती चाचपू लागली.

शकूनं बाळंतिणीचे कपडे गोळा केले आणि धुवायला निघाली. ती दारापर्यंत पोचली तेव्हा मागून सासूचा आवाज आला, "देवाला आधीच ठावं हुतं. हिच्या काळजात आईच न्हाई."