ओढ्यावरची हद्द

"मतदारसंघाची हद्द ओढ्यावरनं गेली म्हनं. मग आता माझं मत कोन खोडनार?" हैबतीने ओढ्यावरच्या फरशीवर काठी आपटली. पलीकडच्या वस्तीवरचा तात्याबा सायकलला टेकून उभा होता.

हैबती कपबशी चिन्हाचा, तात्याबा शिडीचा. दर विधानसभेला दोघं एकाच सायकलवरून मतदानाला जात, एकमेकांचं मत इमानेइतबारे खोडत आणि परतताना एका पुड्यातली भजी खात. एक तापाने पडला की दुसराही घरीच बसे. चाळीस वर्षांत दोघांनी मिळून एकही आमदार निवडला नव्हता, की पाडला नव्हता.

यंदा हैबती यंत्रासमोर एकटा उभा राहिला. आज आपलं मत खरंच मोजलं जाणार, या विचारानेच त्याला घाम फुटला. उमेदवारांची नावं त्याने जन्मात पहिल्यांदा नीट वाचली. कपबशीपाशी गेलेलं बोट थबकलं, आणि त्याने शिडीचं बटण दाबलं.

फरशीवर तात्याबा भज्यांचा पुडा घेऊन बसला होता. हैबती ओशाळून म्हणाला, "तुझ्या शिडीला दिलं रं. तू न्हवतास, करमंना."

तात्याबाचा घास हातातच राहिला. "आन् मी गाढव तिकडं कपबशी दाबून आलोय!"

हैबतीने शेवटचं भजं मोडून अर्धं त्याच्या हातावर ठेवलं.

"म्हंजी फिट्टंफाट! सरकारच्या बापालाबी फोडता यायचा न्हाई आपला मतदारसंघ."