शेवटची तीन पानं

वाचता वाचता तुळसा एकदम थांबली. कादंबरीतली बाई घराचं दार ओढून घेऊन रस्त्याला लागली होती.

"वाच ना वं, मंग काय झालं?" गोदावरीबाईनं विचारलं. ओसरीवर तिच्यासकट शेजारच्या चौघी मांडीवर सुपं घेऊन बिड्या वळत बसल्या होत्या. तुळसा सातवी शिकलेली, म्हणून ती वाचायची आणि तिच्या वाट्याच्या बिड्या या चौघी वळून द्यायच्या. त्यामुळेच तर सासूनं, पार्वताबाईनं, सुनेचं हे दुपारचं वाचन चालू दिलं होतं.

पुस्तकं भंडाऱ्याच्या वाचनालयातली, बंगालीतून मराठीत आलेली. जुन्या पुस्तकांतल्या बायका फार सोयीच्या. नवऱ्याच्या पायांवर डोकं ठेवून मरायच्या, तेही भरल्या कुंकवानं, आणि पार्वताबाई पदरानं डोळे पुसायची. ही ब्याऐंशी सालच्या कादंबरीतली बाई मात्र भलतीच निघाली. तिनं नोकरी धरली, तिथल्याच एका माणसावर तिचा जीव जडला, आणि आता ही चालली.

पार्वताबाईची कात्री तेंदूच्या पानावर थबकली. "परत आली का नाई ते सांग. नसन आली तं ठेव ते पुस्तक. उद्यापासून तूबी सूप घेऊन बस."

अख्ख्या दिवसात हा एक तास तेवढा तुळसाचा होता. तिनं उरलेली तीन पानं भराभर डोळ्यांखालून घातली. बाई कलकत्त्याच्या ट्राममध्ये खिडकीशी बसली होती आणि मागं वळूनसुद्धा बघत नव्हती.

"तिसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, ती घरी परत आली," तुळसानं वाचल्यासारखं केलं.

चौघींचा जीव भांड्यात पडला. सुपं पुन्हा हलू लागली.

"नवरा काय म्हनला वं तिले?" गोदावरीबाई सोडायला तयार नव्हती.

आता आली का पंचाईत! उरलेल्या पानांत नवरा कुठंच नव्हता. आणि तुळसाला एकच नवरा ठाऊक होता, तिचा स्वतःचा.

"तो काहीच बोलला नाही," ती पानावर बोट ठेवून म्हणाली. "वर न बघता एवढंच म्हणाला, भात वाढ."

पार्वताबाईनं हातातलं पान आणि कात्री बाजूला ठेवली.

"खरं लिवलं हाये," ती हळू आवाजात म्हणाली. "मी परत आली, तवा तुह्या सासऱ्यानंबी एवढंच म्हनलं होतं."