पपईच्या पानांचा रस

"डॉक्टर प्लेटलेट म्हणाले ना? मग पपईच्या पानांचा रसच!" असं म्हणत माझ्या मेहुण्यानं, अच्युतनं, हिरवा पेला माझ्या वाकड्या तोंडाशी धरला.

डॉक्टर म्हणाले होते, "यांच्या प्लेटलेट फार उतावळ्या आहेत. गरज नसताना गोळा होतात, एकमेकींना चिकटतात आणि मेंदूकडचा रस्ता अडवतात. त्यांना आवरणारी गोळी चुकवू नका." पण मागे डेंग्यू झाल्यापासून अच्युत प्लेटलेटमधला तज्ज्ञ. त्याच्या कमी पडल्या होत्या, माझ्या माजल्यात, हे त्याला सांगणार कोण? पक्षाघातानं माझी वाचा गेली होती, अक्कल नव्हे.

खाटेभोवती अख्खी सासुरवाडी गोळा झाली, एकमेकांना चिकटून उभी राहिली. वारा अडला. साडूनं माझे हात धरले, सासूबाईंनी नाक दाबलं. तोंड उघडणारच.

तो कडूजहर रस घशाखाली गेला आणि आठवड्यानंतर प्रथमच माझ्या तोंडून स्वच्छ शब्द फुटले, "चालते व्हा सगळे!"

बायकोनं देवाला हात जोडले. अच्युतचा ऊर भरून आला. "पाहिलंस ताई, रसाचा गुण! आता ती डॉक्टरची गोळी बंद कर."