केटिलची सही

“आज त्या म्हाताऱ्याची सही घेऊनच ये,” ऑफिसातून एड्डा फोनवर म्हणाली. “नाहीतर बुधवारची बस मी दुसऱ्या कुणाला तरी देते.”

सहलीची गाइड हालबेरा हिनं फोन खिशात टाकला आणि गरम पाण्याच्या तलावाच्या काठावर उभी राहून वाफेतली डोकी मोजली. सव्वीस. नेहमीसारखी सगळी एकाच कोपऱ्यात गोळा झालेली. म्हणजे केटिल तिथं होता.

गळ्यापर्यंत पाण्यात, डोक्यावर लोकरीची टोपी. चाळीस हिवाळे मासेमारीच्या बोटींवर काढलेला माणूस, आणि बोटीवरच शिकलेलं इंग्रजी. डोलकाठीवर चढून बर्फ कुऱ्हाडीनं कसा फोडायचा, ते तो हात वर करून दाखवत होता. कॅनडाच्या दोन नर्सा तोंड उघडं टाकून ऐकत होत्या.

“ही बाई बसमध्ये सांगते ना, सूर्यावरून कण येतात न् काय काय,” त्यानं हालबेराकडे हनुवटी उडवली, “ते सगळं पाठ केलेलं. हिला जानेवारीत समुद्रावर न्या, बंदर सुटायच्या आत ओकेल.”

सगळे हसले. हालबेराही हसली. तिच्या पगारात तेही धरलेलं होतं.

कंपनीचा नियम साधा होता: ध्रुवप्रकाश दिसला नाही, तर अख्खी सहल पुन्हा फुकट, दिसेपर्यंत. नियम करणाऱ्याला वाटलं असेल, परदेशी माणूस, चार दिवसांत विमानात बसेल. तीन गल्ल्या पलीकडे राहणारा गावचाच माणूस तिकीट काढेल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. केटिलनं ऑक्टोबरात एक तिकीट काढलं. आज त्याचा अकरावा बुधवार. गरम पाणी, राय धान्याचा काळा पाव, वर बोटभर लोणी, मग बस. आणि शेवटी, दिसला की नाही याची खूण करून सही करायची त्या कागदावर, दर वेळी तेच: नाही दिसला.

दोनदा खरंच ढग होते. बाकीच्या वेळी तो म्हणायचा, “फोनला दिसला. मला नाही. फोनची सही घे.” फिका प्रकाश डोळ्यांना राखाडी वाटतो आणि फोनमध्ये हिरवा उमटतो, हे तिनंच बसमध्ये सांगितलेलं असायचं.

“तुमच्या कोपऱ्यावर नगरपालिकेचा तलाव आहे,” त्याला टॉवेल देताना ती दबल्या आवाजात म्हणाली. “म्हाताऱ्यांना मोफत. तिथं का नाही जाऊन बसत?”

“तिथं सात जण असतात,” केटिल म्हणाला. “मी ‘एकदा काय झालं’ म्हटलं, की पुढचं तेच सांगतात. शेवटसुद्धा.”

दोन तासांनी लाव्हाच्या काळ्या माळावर बस थांबली, दिवे मालवले, आणि आभाळानं या वेळी कसलीच कसर ठेवली नाही. राखाडी नाही, फिकं नाही. डोंगरापासून डोंगरापर्यंत हिरवा पडदा झुलत होता, खालची किनार गुलाबी. बर्फावर माणसांच्या सावल्या पडल्या होत्या. फोन काढायचंही कुणाला सुचेना.

हालबेराला तो प्रकाश बघायला वेळ नव्हता. ती कागद घेऊन बसच्या मागच्या बाजूला गेली. केटिल आभाळाकडे पाठ करून खाली वाकला होता.

“वळा इकडे.”

“या टायरमध्ये हवा कमी आहे.”

“केटिल.”

तो वळला. डोळे मात्र तिच्या बुटांवर. “थंडीनं पाणी आलंय डोळ्यांत,” तो म्हणाला. “काही दिसत नाही बघ.”

तिचा संयम सुटला. “अकरा आठवडे मी तुमचं ऐकून घेतेय. मी काही सांगायला लागले की तुम्ही खोडून काढता. माझी माणसं तुमच्याभोवती बसतात, मी काठावर टॉवेल घेऊन उभी. आणि आता तुमच्यापायी माझी बस जातेय. सही नाही मिळाली तर एड्डा दुसऱ्याला देणार आहे.”

केटिलनं पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

“कुणाला देणार?”

“असेल कुणीतरी पाठ केलेलं बोलणारा.”

त्यानं दातांनी हातमोजा ओढला, पेन घेतलं. शाई गोठली होती. त्यानं पेनाच्या टोकावर दोनदा फुंकर घातली, कागद बसच्या पत्र्यावर धरला आणि बराच वेळ लिहीत राहिला.

“दिसला,” तो म्हणाला. “घे.” आणि सगळ्यांच्या आधी बसमध्ये जाऊन बसला.

माणसं एकेक करून वर चढली. पुढच्या सीटवरून त्या नर्सांतली एक त्याच्याकडे वळली. “मग त्या डोलकाठीचं काय झालं? मोडली का?”

“काही नाही,” केटिल खिडकीकडे बघत म्हणाला. “पोचलो घरी.”

ती थोडा वेळ वाट बघून पुढे वळली.

हालबेरा दाराशी पायरीवर, ड्रायव्हरच्या दिव्याच्या उजेडात उभी राहिली. हवं ते मिळालं होतं. मग राग अजून का उतरत नव्हता, ते तिला कळेना. तिनं कागद उलगडला. ‘दिसला’ या शब्दापुढे खूण होती. तारीख होती. सहीही होती, जड हाताची, शाळकरी अक्षरातली.

खाली प्रवाशांच्या सूचनांसाठी चार ओळींची जागा सोडलेली असते. अख्ख्या हिवाळ्यात ती कुणी भरली नव्हती. केटिलनं तिथं, ओळीवरून वर सरकत गेलेल्या अक्षरांत, लिहिलं होतं:

‘बुधवारी मी मोकळा असतो.’