आधी तू चढ

शिडीच्या शेवटच्या पायरीला वेल्डिंग मारून झालं, तसा हर्षदानं मास्क वर सरकवला आणि सवयीनं कटर उचलला.

"अगं ए बाई! काय करतेस?" हातातला चहा सांडत गुंडूमिस्त्री धावले.

"कापून बघते मामा, आत पोकळी राहिलीय का ते."

आयटीआयमध्ये वर्षभर हेच चाललं होतं. जोड मारायचा, सरांसमोर कापायचा. आत भोक दिसलं की सर गुण कापायचे आणि तुकडे भंगारात जायचे. हर्षदाचे कितीतरी तुकडे असे भंगारात गेले होते. तिला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

अख्खी शेड हसली. कामाच्या पहिल्याच दिवशी शोभा झाली. मिस्त्री मात्र हसले नाहीत.

"पोरी, ही शिडी उद्या शाळेच्या टाकीला लागणार. कापलीस तर उरणार काय? इथली रीत वेगळी आहे." त्यांनी शिडी भिंतीला टेकवली. "ज्यानं जोड मारला, त्यानं आधी चढायचं. चल."

हर्षदा पहिली पायरी चढली, दुसरी चढली. तिसरीवर टाकायला उचललेला पाय मात्र तसाच थांबला. तो जोडही वरून बाकीच्यांसारखाच गुळगुळीत दिसत होता. पण तो मारताना हात हलला होता, हे तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

ती खाली उतरली. शेड पुन्हा हसू लागली. तिनं मास्क चेहऱ्यावर ओढला.

"मामा, तिसरी पायरी परत मारते. मग चढते."