नावं वर सरकताना

चार वर्षं जावईबापू रविवारीसुद्धा त्या व्हिडिओ गेमच्या कामाला जुंपलेले होते. गेम बाजारात यायला तीन आठवडे उरले आणि कंपनीने त्यांना घरी बसवलं. आज तोच गेम टीव्हीवर खेळून संपला, तो बनवणाऱ्यांची नावं खालून वर सरकू लागली, तसे सासरे चष्मा लावून पुढे झाले.

"तुमचं कुठंय?"

"मधेच गेलेल्याचं नाव ठेवत नाहीत, बाबा. नियम आहे कंपनीचा."

"अहो, चहा देणाऱ्याचंसुद्धा आलं. चार वर्षं नक्की जात कुठे होतात?" मग लेकीकडे वळून, "तू कधी पाहिलंस गं ते ऑफिस?"

बाळंतपणातही नवरा 'काम आहे' म्हणून तासाभरात निघून गेला होता, ते लेकीला आज नव्याने टोचलं. मांडीवर झोपलेल्या मुलीला थोपटत ती नवऱ्याकडे रोखून बघत राहिली.

नावं संपत आली. शेवटी एक छोटीशी यादी उमटली: गेम बनत असताना कर्मचाऱ्यांच्या घरी जन्मलेली बाळं.



तिसऱ्या ओळीत तिच्या मांडीवरची लेक होती. आणि लेकीच्या नावापुढे, पुसायचा राहून गेलेला, तिचा बाप.